‘चोवीस तास सगळ्यांना सारखेच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

महिनाभरात हा मेसेज मला चार ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात, वेळ पुरत नाही त्याला शिस्त नाही. पहाटे पाचला उठा, एका वेळी चार कामं हातात घ्या, प्रत्येक मेसेजला लगेच उत्तर द्या आणि ऑफिसातून सगळ्यांत शेवटी निघा.

बेळगावात उद्यमबागला एका फौंड्रीच्या ऑफिसात मी १९ वर्षं बिलं आणि खाती सांभाळतोय. यातलं एकही वाक्य मला पटत नाही.

तास सारखे नसतात. मी टिळकवाडीत राहतो, स्कूटरवर दहा मिनिटांत टेबलाशी असतो. डिस्पॅचचं बघणाऱ्या मॅडम खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून दोन बस बदलून येतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. हा फरक शिस्तीचा नाही. आणि पहाटे पाचचं म्हणाल तर मॅडम साडेचारलाच उठतात.

चार कामं एकदम करण्याचं मी भोगलंय. महिन्याची २० तारीख, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. मी खरेदीची बिलं एकेक करून जुळवत होतो. तेवढ्यात निरोप आला, पुण्याची गाडी भरलीय, ई-वे बिल काढा, म्हणजे माल नेताना गाडीसोबत लागणारा जीएसटीचा कागद. फोनही चालूच होता. घाईत गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकला आणि ती गाडी निपाणीच्या पुढं तपासणीत दोन तास अडली. इकडं बिलं कुठवर जुळली होती तेही विसरलो, पुन्हा पहिल्यापासून बसलो. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: एका कामावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी वेळ वाया जातो, आणि काम जितकं गुंतागुंतीचं तितका जास्त. मी हळू होतो म्हणून वेळ गेला नाही, माझं काम मधेच तोडलं गेलं म्हणून गेला.

मग मालकांशी बोलून ई-वे बिलांच्या दोन वेळा ठरवल्या, साडेअकरा आणि चार. गाडीचा नंबर, वजन, अंतर सगळं एका चिठ्ठीवर लिहून आल्याशिवाय बिल काढायचं नाही. पहिला आठवडा कुरकुर झाली. नंतर गाड्याच त्या वेळा धरून भरायला लागल्या.

लगेच उत्तर द्यायचा सल्ला तर आपल्या भागात फारच महागात पडतो. आपल्या ऑफिसात जीएसटीचं काम इंग्रजीत, ड्रायव्हरशी हिंदी, आपसात मराठी आणि सरकारी पत्रं कन्नडमध्ये. कन्नड बोलायला आम्हा बहुतेकांना येतं, पण सरकारी कन्नड सराईतपणे वाचणारा एकच पोरगा. ज्याच्या हातात पत्र पडेल तो त्यालाच हाक मारायचा. दिवसभर त्याचं स्वतःचं काम अर्धवट. आता आलेली पत्रं एका फायलीत जमतात आणि तीन वाजता तो ती एकदम वाचून सांगतो. मुदतीचं पत्र असलं तर तेवढंच आधी.

सरकारी कामासाठी हेलपाटे घालण्यातही वेळ जातो. कर्नाटकात २०११ चा ‘सकाल’ कायदा आहे, त्यात येणाऱ्या सेवांना दिवसांची मुदत ठरलेली असते. अर्ज देताना पोचपावतीचा नंबर घ्या, ‘झालं का’ विचारायला रांगेत उभं राहावं लागत नाही. वेळेची शिस्त माणसाला एकट्याला शिकवण्याऐवजी कार्यालयालाही लावता येते, हे त्या मेसेजच्या ध्यानातच नाही.

राहिलं शेवटी निघण्याचं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी २०१४ साली नव्यानं तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत कामाच्या प्रमाणात उत्पादन वाढत होतं, त्यापुढं वाढ मंदावत गेली. ७० तास राबणाऱ्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. म्हणजे वरचे १४ तास जवळजवळ फुकट.

आमच्या मॅडमना साडेपाचची खानापूरची बस गाठायची असते. त्या सव्वापाचला टेबलावरून उठतात. ई-वे बिलांच्या वेळा ठरल्यापासून त्यांच्या टेबलावर माल पाठवायचं त्या दिवसाचं एकही चलन मागं राहिलेलं मी पाहिलं नाही.