ॲम्प कशाला आणि चारच तारा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पहिली बेस गिटार कशी निवडावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. उत्तर लांबणार आहे म्हणून वेगळं लिहितो. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवता. बजेटचा निम्मा भाग ॲम्पसाठी (बेसचा आवाज मोठा करणाऱ्या, स्पीकर असलेल्या यंत्रासाठी) ठेवा, हा माझा सल्ला तुम्हाला मुळीच पटलेला नाही, कारण आज बेसची लाइन डीआय बॉक्समधून (वाद्याची वायर मिक्सरला जोडून देणारी छोटी पेटी) थेट मिक्सरला जाते. तुमच्या पुतण्याने माझा लेख वाचून साधी गिटार घेतली आणि उरलेले पैसे ॲम्पसाठी ठेवले, याचा तुम्हाला राग आहे. चार तारांवर आपले कार्यक्रम निभत नाहीत, फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा म्हणजे मेलेला आवाज, आणि डेट्रॉइटचा बेसवादक जेम्स जेमर्सन याचे दाखले ढोलकीबरोबर वाजवणाऱ्याच्या काय कामाचे, असंही तुम्ही विचारलं आहे.

डीआयबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण प्रेक्षकांपुरतं. समोरच्या लोकांना बेस ऐकू येतो तो मिक्सरमधून, यात वाद नाही. माझा प्रश्न स्टेजवरच्या माणसांचा आहे. मध्यम आकाराच्या कार्यक्रमात साउंडवाल्याकडे दोन, फार तर चार मॉनिटर (स्टेजवरच्यांना ऐकवणारे स्पीकर) असतात. ते गायकांकडे तोंड करून ठेवलेले असतात, त्यात आवाज आणि थोडा कीबोर्ड सोडलेला असतो, आणि आवाज घोंगावू नये म्हणून खालची फ्रिक्वेन्सी बहुतेक वेळा कापलेली असते. मग मागे उभ्या असलेल्या बेसवाल्याला स्वतःचं वाजवणं कुठून ऐकू येतं? मुख्य स्पीकरच्या मागून वळून येणाऱ्या घुमण्यातून आणि हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परतणाऱ्या आवाजातून.

हिशेब करून बघा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागची भिंत २० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर झाले, म्हणजे जवळजवळ ०.१२ सेकंद. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग ०.१२५ सेकंदांचा असतो. तुम्ही आत्ता वाजवलेला सूर तुमच्या कानावर पाव ठोका उशिरा पडतो. अनुभवी वादक बोटांवर आणि ढोलकीवाल्याच्या हातावर नजर ठेवून यातून निभावून नेतो. तुम्ही तेच करत असणार. पण नवखा मुलगा कानावर येणाऱ्या सुरामागे जातो. त्याची लय पडते, आणि त्याच्यामागे अख्ख्या बँडची पडते. दोष मात्र त्याच्या तालाच्या समजेवर येतो. चांगली समज असलेली मुलं एवढ्याच कारणाने बेस सोडून गिटारकडे किंवा कीबोर्डकडे वळलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून ॲम्प. लोकांना ऐकवायला नाही, स्वतःला आणि शेजारच्या तालवादकाला ऐकवायला. शिवाय ॲम्प की डीआय अशी निवड करायची वेळ आता क्वचितच येते. आजच्या बहुतेक बऱ्या बेस ॲम्पच्या मागे डीआय आउट असतंच. तिथून साउंडवाल्याला लाइन द्यायची आणि बटण असेल तर ते 'प्री'वर ठेवायचं, म्हणजे तुम्ही स्टेजवर बास-ट्रेबल कितीही फिरवलंत तरी हॉलमधला आवाज हलत नाही. बँडकडे कानातले मॉनिटर आणि मिक्सरवर मोकळा ऑक्झ (मॉनिटरसाठीचं वेगळं आउटपुट) असेल तर ॲम्प खुशाल घरी ठेवा. तो उत्तम मार्ग आहे, पण गल्लीतल्या मंडळाच्या कार्यक्रमात तो किती जणांच्या वाट्याला येतो, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

ॲम्प घेताना नुसते वॉट बघू नयेत, हे मात्र पुन्हा सांगतो. वॉट दुप्पट केले तर आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. उलट स्पीकर ३ डेसिबलने जास्त संवेदनशील निवडला, तर वॉट दुप्पट केल्याचा फायदा फुकटात मिळतो. आठ इंची स्पीकरचा २० वॉटचा ॲम्प घरच्या रियाझाला ठीक आहे, पण ड्रमसेट सुरू झाला की तो संपतो. ऑक्टोपॅड आणि ढोलकी असेल तर १०० वॉट आणि १२ इंची स्पीकरवर भागतं, खऱ्या ड्रमसेटसोबत २०० ते ३०० वॉटकडे जावं लागतं. आणि ॲम्प पायाशी ठेवून आवाज वाढवत बसू नका. खुर्चीवर ठेवा किंवा तिरका करा, आवाज पोटऱ्यांऐवजी कानाकडे येऊ द्या.

आता पाच तारा. इथे आपलं फारसं भांडण नाही, पण तुम्ही दिलेलं कारण मला अपुरं वाटतं. तुम्ही लिहिलंय की खालचे सूर लागतात. कोणते लागतात, ते पट्टीच्या हिशेबाने पाहू. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन, ४१.२ हर्ट्झ. गायकाने काळी दोन मागितली तर सगळ्यात खालचा सा ३८.९ हर्ट्झवर येतो, मोकळ्या तारेच्या बरोबर एक अर्धा सूर खाली. वैताग येतो तो इथेच. मग सा घ्यायचा तिच्या शेजारच्या ए तारेच्या सहाव्या पडद्यावर (फ्रेटवर), एक सप्तक वर. काळी एकलाही तेच, सा ए तारेच्या चौथ्या पडद्यावर. पाच तारांवर हे दोन्ही खालचे सा पाचव्या, ई-च्याही खालच्या बी तारेवर सापडतात, चौथ्या आणि दुसऱ्या पडद्यावर.

पण ३८.९ हर्ट्झ तिथे वाजतो का? सबवूफर नसेल तर लहान मंडपातले स्पीकर एवढ्या खाली जाताना दमतात. कानाला मिळतं ते बहुतांशी त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे जो सूर तुम्ही ए तारेवर सरळ वाजवला असता तेच. पाच तारांचा खरा फायदा मला खालच्या पंचमात दिसतो. काळी चार घ्या. सा ई तारेच्या चौथ्या पडद्यावर आरामात मिळतो, पण त्याखालचा पंचम चार तारांवर नाहीच. सा-प-सा असा ठेका धरायचा तर पंचमासाठी दर वेळी वर जावं लागतं आणि चालीचं वजन हलकं होतं. पाच तारांवर तो पंचम सा-च्या शेजारच्याच तारेवर, त्याच पडद्यावर असतो. आणि एका संध्याकाळी चार गायक चार पट्ट्या मागतात तेव्हा हाताची ठेवण न बदलता फक्त पडदा सरकवला की झालं. तुमच्यासारख्या रोज वाजवणाऱ्याने पाच तारांचीच घ्यावी, हे मी पूर्ण मान्य करतो.

नवख्याला मात्र मी अजूनही चारच सांगेन. बेस शिकण्यातला अर्धा भाग नको त्या तारा गप्प ठेवण्याचा आहे, आणि पाचवी तार आधी गप्प बसवावी लागते, मग वाजवावी लागते. स्वस्त पाच तारांच्या गिटारवर बी तार बऱ्याचदा ढिली लागते, सूर स्पष्ट उमटत नाही. त्यावर कान घडवणं अवघड जातं. काळी दोनपुरतंच अडत असेल तर चारही तारा अर्धा सूर उतरवून घ्या, कित्येक जण तसंच वाजवतात.

जेमर्सनचा दाखला मी उगाच दिला नव्हता. गंमत म्हणजे तो तुमच्याच बाजूचा साक्षीदार आहे: मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याचा बेस थेट कन्सोललाच, म्हणजे मिक्सरलाच, जोडलेला असे. क्लबात वाजवताना मात्र तो अँपेगचा बी-१५ ॲम्प वापरायचा. त्याच्याकडे १९६२ चा प्रिसिजन बेस होता, म्हणजे १९५१ मध्ये लिओ फेंडरने बाजारात आणलेल्या वाद्याचाच पुढचा अवतार. एक पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग), एक व्हॉल्यूम, एक टोन. त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा, त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, आणि ब्रिजपाशी (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) फोमचा तुकडा. या सगळ्याचा परिणाम असा की सूर ठणठणीत उमटतो आणि लगेच विरतो. त्याच्या मागे ड्रमला मोकळी जागा राहते.

आपल्याला तर ही गोष्ट जास्तच लागते. डग्ग्याचा घुमारा आणि बेस एकाच पट्ट्यात राहतात. डग्ग्यावर मनगट दाबून सूर वर ओढला जात असताना बेसची तार खाली झणझणत राहिली, तर दोन्ही मिळून नुसता गाळ होतो. मग साउंडवाला बेस कमी करतो आणि आपण म्हणतो, बेस कुणाला ऐकूच येत नाही. केरव्याचा मूळ ठेका डोळ्यासमोर आणा: धा गे ना ति न क धि न. डग्गा घुमतो तो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. तिसरीपासून सहावीपर्यंत खाली जागा रिकामी आहे. समेला धा बरोबर बेसचा आखूड सूर द्या, दुसरी मात्रा डग्ग्याला सोडून द्या आणि लांब सूर तिसरी-चौथीपासून धरा. तोच ॲम्प, तीच गिटार, आणि अचानक दोन्ही वाद्यं वेगवेगळी ऐकू यायला लागतात. ढोलकीवाला भरीच्या जागा घेतो तेव्हा तर बेसने जवळजवळ थांबावं. आपल्या जवळचा दाखला हवा असेल तर राहुलदेव बर्मन यांच्या वादकांत बेसवर टोनी वाझ होते आणि तालवाद्यांवर मारुतीराव कीर. ती ध्वनिमुद्रणं हेडफोन लावून फक्त खालचे दोन आवाज ऐकायचे म्हणून ऐका. कोण कुठे थांबतं ते बघा.

तेव्हा फ्लॅटवाउंड म्हणजे मेलेला आवाज, हे मत मला एकट्याने वाजवून बनलेलं वाटतं. दुकानात राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारा चमकतात, बास आणि ट्रेबल वर, मिड (मधल्या फ्रिक्वेन्सी) खाली, असा आवाज कुणालाही आवडतो. पण बँडमध्ये बेसचा सूर ओळखू येतो तो मिडमुळे, साधारण २०० ते ८०० हर्ट्झच्या भागात. तोच कापला की घरी भारदस्त वाटलेला बेस कार्यक्रमात दिसेनासा होतो. तुम्हाला फ्लॅटवाउंड नकोच असतील तर राउंडवाउंडच राहू द्या, फक्त ब्रिजपाशी स्पंजची पट्टी सरकवून एकदा ढोलकीसोबत वाजवून बघा. खर्च काहीच नाही.

राहिली पुतण्याची गिटार. साधी गिटार म्हणजे वाया, असं समजू नका. मशीनवर कापलेले आजचे स्वस्त नेकसुद्धा (गिटारच्या माना) सरळ असतात. कमी पडतो तो सेट-अप. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरली की सातव्या-आठव्या पडद्यापाशी सुमारे ०.३ मिलिमीटर फट हवी, आणि बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटर. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने लाकूड फुगतं आणि हे माप बदलतं. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक जुळवणारी सळई) एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नये, आणि जमत नसेल तर जाणकाराकडे द्यावी. याला लागणारा पैसा गिटार बदलण्याच्या मानाने फारच कमी असतो.

पुतण्याला म्हणावं, २० वॉटचा ॲम्प आता घेऊ नकोस, हेडफोनवर शीक. बँड मिळाला की बाजूला ठेवलेल्या पैशांत डीआय आउट असलेला, १२ इंची स्पीकरचा वापरलेला ॲम्प बघ, नवाच हवा असं नाही. आणि तुमच्या पुढच्या तालमीला त्याला सोबत न्या. तुमची पाच तारांची आणि त्याची साधी, दोन्ही गिटारी एकाच ॲम्पवर, एकही बटण न फिरवता, ढोलकीसोबत एकाच गाण्याला वाजवा. एक जण वाजवत असताना दुसऱ्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐकायचं. कोणती स्पष्ट ऐकू आली आणि कोणत्या पट्टीत, ते मला इथे जरूर कळवा.