प्रतिक्रियेला उत्तर : वाटी म्हणजे नक्की किती?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. माझ्या आवडत्या पाकपुस्तकांच्या यादीत कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ सगळ्यात वर आहे, हे तुम्हाला खटकलं. ‘वाटी म्हणजे नक्की किती? ग्रॅम नाहीत, मिनिटं नाहीत, अशा पुस्तकावर आज कोण विसंबणार?’ असं तुम्ही विचारलंत. मी विसंबते, आणि का ते सांगते.

वाटीच्या मापात सगळं प्रमाणावर चालतं. आमच्याकडे चकलीच्या भाजणीला तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २ आणि उडीद डाळ १ घेतात. वाटी कुठलीही घ्या, फक्त शेवटपर्यंत तीच ठेवा. दोघांपुरतंच करायचं असेल तर लहान वाटी घ्यायची. आकडेमोड करावी लागत नाही.

शिवाय काळ बघा. आपल्याकडे शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम यायला सुरुवात झाली १९५८ साली आणि ‘रुचिरा’ आली १९७० मध्ये. तेव्हाच्या कित्येक वाचक बायका पावशेर-छटाकाच्या हिशेबात वाढलेल्या, आणि वाणी देणार किलोवर. स्वयंपाकघरात काटा तर क्वचितच. अशा वेळी कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचं माप धरलं. तुम्ही त्याला ढिसाळपणा म्हणता. मला त्यात स्वयंपाक करणारीची पुरेपूर जाण दिसते.

आता मिनिटं. रव्याच्या लाडवांचा पाक किती वेळ उकळायचा, हे पातेलं पसरट आहे की उभट आणि आच किती, यावर ठरतं. पाकाचा थेंब बशीत घ्यावा, जरा निवला की अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच लांब करावीत. मध्ये एक तार टिकली की गॅस बंद. त्याआधी उतरवला तर लाडू सैल होऊन बसतात, उशीर झाला तर रवा कोरडा पडून वळतच नाहीत. ही खूण घड्याळापेक्षा भरवशाची आहे.

केक आणि पावाला मात्र ग्रॅमच हवेत, तिथे मीही काटा काढते. मोदकाच्या कळ्या पाडायला व्हिडिओसारखा गुरू नाही, हेही मान्य.

‘सगळी पुस्तकं एकाच वळणाच्या घरांची’ हा तुमचा दुसरा आक्षेप. सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ त्यात बसेलही. पण त्याच यादीत शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आहे, मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या जेवणाचं. ते तुमच्या नजरेतून सुटलं असावं. ते जरूर वाचा, आणि पाककृतींवर न थांबता त्या अन्नामागची माणसं, त्यांची उपासमार, त्यांची चव हे सगळंच वाचा. त्यावर तुमचं मत ऐकायला मला खरंच आवडेल.