आहात तसेच राहण्यासाठी काही खात्रीशीर उपाय

सवय बदलायची नसेल, तर आत्मपरीक्षणाला अजिबात घाबरू नका. भरपूर करा. फक्त प्रश्न निवडताना जपा.

‘मी असा का आहे?’ हा सर्वांत सुरक्षित प्रश्न. त्याला तळच नाही. बालपण, वडिलांचा स्वभाव, शाळेतले मास्तर असं उगाळत दोन तास सहज जातात आणि शेवटी कसं हलकं हलकं वाटतं! याउलट ‘काल रात्री साडेअकराला फोन हातात घेतला, तेव्हा मी नेमकं काय टाळत होतो?’ हा प्रश्न अंगाशी येतो. त्याला वेळ आहे, जागा आहे आणि सगळ्यात वाईट म्हणजे उत्तर आहे.

एक वही मात्र आणाच. जाड कागदाची. पहिल्या पानावर तारीख घाला, ‘माझे दोष’ असं लिहून खाली दुहेरी रेघ मारा. मग लिहा : ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे.’ ‘मला कुणाला नाही म्हणता येत नाही.’ ‘मी दुसऱ्यांचा फार विचार करतो.’ दोष असे निवडावेत, की वही चुकून कुणाच्या हाती लागली तर कौतुकच व्हावं. ‘काम पुरं केलं तर ते किती सुमार आहे हे कळेल, म्हणून मी ते पुरं करत नाही’ असलं काही हातून उतरलंच, तर पान फाडा. वहीची शोभा जाते.

सवय लागायला २१ दिवस लागतात, यावर श्रद्धा असू द्या. हा आकडा १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना निदान एवढे दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. नाकाचा हिशोब पहाटेच्या व्यायामाला कसा लागू पडतो, हे विचारू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यक निघाला ६६ दिवस, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेले. वर एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यांना आढळलं. हे तर कानावरसुद्धा पडू देऊ नका. एक दिवस चुकला की सगळंच मुसळ केरात, ही केवढी मोठी सोय हातची जाईल!

एका प्रश्नापासून मात्र खास सांभाळा. दारूच्या समस्येत अडकलेल्यांशी बोलण्याची एक पद्धत विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मांडली. त्या पद्धतीने बोलणारे समुपदेशक अनेकदा विचारतात, ‘बदल तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो? शून्य ते दहात सांगा.’ तुम्ही बेफिकिरीने ‘चार’ म्हणता. ‘दहा का नाही?’ असं विचारलं असतं, तर सबबी तोंडपाठच होत्या. पण ते विचारतात, ‘चार का? दोन का नाही?’ आणि बदलाची कारणं तुमच्याच तोंडून बाहेर पडायला लागतात. भलेभले इथे फसतात. म्हणून आकडा विचारला तर सरळ शून्य सांगा. नाहीतर दहा सांगून ‘सोमवारपासून सुरू’ म्हणा. दोन्हींत धोका मुळीच नाही.

‘या सवयीतून मला मिळतं काय?’ हे तर मनातही आणू नका. सवय फुकट राबत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तक्रारीला विषय मिळतो, अपयशाला कारण मिळतं, आणि हळूहळू घरचे काही अपेक्षाच ठेवत नाहीत. एवढा निवांतपणा दुसरीकडे कुठे मिळणार?

आणि इतकी काळजी घेऊनही एखाद्या दिवशी प्रामाणिक उत्तर सापडलंच, तर लगेच काही करायला जाऊ नका. आधी ते एखाद्या मित्राला सांगा, जरा सविस्तर. तो म्हणेल, ‘स्वतःकडे इतकं स्वच्छ बघणारा माणूस मी पाहिला नाही रे!’ तेवढ्यावर सहा महिने आरामात निघतात. दरम्यान त्याने त्याच्या सवयी कशा बदलाव्यात, तेही त्याला शिकवता येईल.