गाडी उभी असताना ब्रेक कुठून ओरडेल, सांगा की!

सहा आठवडे झाले. रोज सकाळी आठला मी किल्ली फिरवतो आणि अख्ख्या अपार्टमेंटला कळतं की हा निघाला कामाला. फळ्यावर खिळा ओढावा तसा आवाज. चिईईईई! तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून विचारतात, "आज पण का रे?" हो काकू, आज पण. पाच-सात मिनिटं ओरडून झालं की गाडी गप्प. आणि गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत तर अशी मवाळ होते की मलाच वाटावं, माझ्या कानात काहीतरी बिघाड आहे.

गाडी २०१० ची, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. "साहेब, जुनी गाडी, आवाज तर येणारच." अरे, माझे वडील पंचाहत्तर वर्षांचे आहेत, तेही जुने आहेत, म्हणून डॉक्टर त्यांना न तपासता घरी पाठवतो का?

पहिल्या मेस्त्रीनं बॉनेट उघडलंच नाही. "ब्रेक पॅड संपलेत, डिस्कला घासतायत." पॅड झिजत आले की त्याची छोटी पत्र्याची पट्टी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला लागते आणि कर्कश वाजते, मान्य. पण त्यासाठी चाक फिरायला लागतं ना! माझी गाडी पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढून उभी असताना ओरडते, हे मी तीनदा सांगितलं. तीनदा! तो मान डोलावत राहिला आणि संध्याकाळी पॅड बदलून २,४०० रुपयांचं बिल हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, चिईईईई. काकू खिडकीत.

दुसऱ्यानं निदान इंजिनाकडे बघितलं. "फॅन बेल्ट." (पंखा कधीचा मोटरवर फिरतो, तरी बेल्टचं नाव अजून फॅन बेल्टच.) घातला नवा, ९५० रुपये. तीन दिवस मी खूश, कारण तीन दिवस पाऊस उघडला होता. चौथ्या दिवशी कोल्हापूरचा पाऊस परत आला आणि आवाजही आला. तिसरा तर म्हणाला, "अल्टरनेटर गेला, ९,००० धरून चला." (म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र.) कशावरून गेला? "अंदाज आहे." तुझा अंदाज आणि माझे नऊ हजार! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

शेवटी रविवारी सकाळी इंजिन थंड असताना मीच बॉनेट उघडून बसलो. बाटलीचं झाकण भरून पाणी चालू बेल्टवर टाकलं. बेल्ट घसरत असेल तर पाण्यानं आवाज थांबतो नाहीतर वाढतो, काहीतरी बदलतोच. इथं ढिम्म फरक नाही. म्हणजे बेल्ट नाही, बेल्ट ज्या पुलींवर, म्हणजे चाकांवर फिरतो त्यातल्या एखादीच्या आतलं छर्र्यांचं बेअरिंग. मग एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. (शर्टाच्या बाह्या आवरून, फिरत्या बेल्टपासून लांब. बोटं ब्रेक पॅडपेक्षा महाग असतात.) अल्टरनेटर शांत, नुसती घरघर. एसीच्या बेल्टवरच्या छोट्या पुलीच्या बोल्टवर टोक ठेवलं आणि कानात अक्षरशः रातकिडा शिरला.

सोमवारी तिसऱ्याकडे जाऊन सांगितलं, ती पुली बघ. तर हसला. "साहेब, तुम्ही एसी लावतच नाही, एसीच्या बेल्टचा काय संबंध?" अरे बाबा, एसी बंद असला तरी इंजिनाबरोबर बेल्ट फिरतो आणि पुलीही फिरते! फक्त एसीच्या कॉम्प्रेसरला बेल्टशी जोडणारा क्लच सुटलेला असतो. हे मी, एक बँकेत व्हाउचर तपासणारा माणूस, त्याला सांगतोय. "एसीचा बेल्ट काढ आणि चालू कर," म्हटलं. दहा मिनिटांचं काम. कुरकुरत काढला. गाडी चालू केली, आवाज गायब. तो गप्प. त्याच्या गॅरेजमधलं पोरगं मात्र फिदीफिदी हसत होतं.

बेअरिंग बदललं, मजुरीसकट ६५० रुपये. याआधी ३,३५० रुपये निव्वळ पंचनाम्याशिवाय फाशी दिल्यासारखे गेले. आणि पॅड खरंच संपले होते का, म्हणून पहिल्या मेस्त्रीकडे जुने मागायला गेलो तर म्हणे, "भंगारात गेले." अर्थातच गेले.

जुनं बेअरिंग मी मागून घेतलंय. ग्रीस वाळून पार भुगा झालेला, बोटानं फिरवलं की वाळू चावल्यासारखं लागतं. बायको म्हणते, टीव्हीशेजारचा तो कचरा काढ. काढतो. शनिवारी पहिल्या मेस्त्रीच्या टेबलावर नेऊन ठेवतो आणि विचारतो, "सांग, यातला ब्रेक पॅड कुठला?"