लिफ्टमधली बाई

काल संध्याकाळी साडेसातपासून लिफ्टमधली बाई आमच्या पाचपाखाडीच्या अख्ख्या इमारतीला विनवत होती, "कृपया दरवाजा बंद करें." मग टिंगटिंग सुरावट, मग तेच इंग्रजीत, मग पहिल्यापासून. घरात लेक सतराचा पाढा पाठ करत होती. 'सतरा चोक अडुसष्ट'पाशी तिची गाडी तिसऱ्यांदा अडकली तेव्हा मी जिना उतरले.

तिसऱ्या मजल्यावर काका एका पायात चप्पल घालून उभे. दुसरी कोल्हापुरी लिफ्टच्या जाळीत खोचलेली.

"काका, दार लावता का?"

"लावतो की. ही येतेय. निघालोच आहोत."

"वीस मिनिटं झाली."

"साडीला पिन लावतेय. लिफ्ट सोडली तर सातव्या मजल्यावरचे पळवतात. मग परत मिळते का?"

"पोरीचा पाढा होत नाहीये त्या आवाजात."

काकांना माझी दया आली. "अगं, कळव्याला आमच्या खिडकीखाली रूळ होते. दिवसभर लोकल. तिथे बसून बँकेच्या परीक्षा दिल्या मी, पहिल्या फटक्यात पास!" मग आवाज खाली आणून, "तू कानाचंच काम करतेस ना? मग तिचे कान बघून घे एकदा. आजकालच्या मुलांत एकाग्रताच नाही."

मी श्रवणचाचण्या करते, आणि पोरीचे कान ठणठणीत आहेत. दुखणं तेच आहे. पण हे तिथल्या तिथे सुचलं नाही. सुचलं घरी, पोळ्या लाटताना. म्हणून इथे सांगते.

फिनलंडचे संशोधक रिस्तो नॅटॅनेन यांनी 1978 साली एक गोष्ट दाखवली. तो प्रयोग आता साधारण असा करतात. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे आणि कानात 1000 हर्ट्झचा एकसारखा टुक-टुक-टुक सोडायचा. मधूनच, न सांगता, एखादा 1200चा. माणसाला सांगायचं, आवाजाकडे लक्ष देऊ नका, समोर मूक सिनेमा बघा. तो बिचारा सिनेमाच बघतो, तरी वेगळ्या ठोक्यानंतर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांत मेंदूच्या लहरींच्या आलेखावर खळगा पडतो. म्हणजे लक्ष नसलं तरी मेंदूने बदल टिपला. खळगा काही मायक्रोव्होल्टचा, एकट्यादुकट्या ठोक्याला दिसतही नाही. शंभरेक वेगळ्या ठोक्यांची सरासरी काढावी लागते. त्यात डोळ्याची नुसती पापणी लवली तरी खळग्याच्या कित्येक पट मोठी लाट उठते, आणि पोरं इलेक्ट्रोडच्या टोपीखाली डोकं खाजवतात ते वेगळंच. अर्धी नोंद कचऱ्यात. ही मेहनत मूल बघणाऱ्याला कळते, चप्पल खोचणाऱ्याला नाही.

हा खळगा नवजात बाळांतही सापडतो. म्हणजे बदल हेरणारा हा पहारेकरी जन्मापासून कामावर. फरक पडतो तो पुढे, 'काही विशेष नाही, चला कामाला' म्हणत लक्षाला कान धरून परत आणताना. हे काम बरंचसं कपाळामागच्या भागाचं, आणि तो भाग पिकायला माणसाची पंचविशी उजाडते. माझी लेक आठ वर्षांची. तिचं लक्ष लिफ्टपर्यंत जातं, कोण आहे, कशाला थांबलंय, सगळी चौकशी करतं आणि परत येतं तेव्हा पाढ्याची जागा सापडत नाही.

राहिली काकांची लोकल. तिचा खडखडाट रोजचा, एकाच चालीचा. मेंदू तो आधीच गृहीत धरतो. लिफ्टमधली बाई बोलते, म्हणजे अक्षरागणिक आवाज बदलतो, आणि क्रमाने लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा आवाजात हमखास ढासळतात. पाढा म्हणजे दुसरं काय असतं? 1976 साली कोल आणि वेल्श यांनी माणसांना अक्षरं क्रमाने पाठ करायला दिली आणि बाजूला जर्मन उतारा लावला. जर्मन न कळणाऱ्यांचाही क्रम चुकला. पुढे 2002 साली एमिली इलियट यांनी दाखवलं की अशा बोलण्याचा फटका लहान मुलांना मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त बसतो. तेव्हा बाई हिंदीत विनवो की जर्मनमध्ये, पाढा पडणारच.

तक्रार करायचीही सोय नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. आमची बाई बंद दाराआडून त्याच्या आतच बसते. मीटर जोर मोजतं, मेंदू बदल मोजतो. त्या बदलाचा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

तर काका एकाग्रतेवर बोलत असताना आतून काकूंची हाक आली, "अहो!"

नेव्हिल मोरे यांनी 1959 साली बघितलं होतं की एका कानाकडे मुद्दाम दुर्लक्ष करायला लावलं, तरी त्या कानात आलेलं स्वतःचं नाव साधारण तिघांतल्या एकाला ऐकू येतं. आपल्याकडे हा प्रयोग आकड्यांतच फसेल, कारण काकांच्या पिढीतल्या बहुतेक नवऱ्यांचं नाव एकच. काका वळले. दुधाची पिशवी घेऊन जिना चढणारे पाटील थबकले. आणि पाचव्या मजल्यावरून कुणीतरी "आलो, आलो!" म्हणालं.

"दुसरी पिन कुठे ठेवलीत?"

काका लंगडत आत गेले. चप्पल जाळीतच. ती काढून दार लावायचं मनात आलं होतं, पण दुसऱ्याच्या नवऱ्याच्या चपलेला हात कोण लावणार?

वर आले. लेक वही मिटून बसली होती.

"आई, ती त्रेचाळीस वेळा बोलली. एकदा तर नुसतंच 'कृप' म्हणून थांबली."

"आणि सतरा पंचे?"

"कोण सतरा पंचे?"