काळ्या मलमाला कॅन्सर ओळखता येत नाही

त्वचेच्या कॅन्सरवरचा एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: ‘ब्लडरूट या वनस्पतीचं काळं मलम गाठीवर लावा. ते फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, गाठ मुळासकट गळून पडते. नैसर्गिक आहे, त्यामुळे अपाय नाही. औषध कंपन्या हे दडपतात.’

‘फक्त कॅन्सरच्या पेशी’ हे साफ खोटं आहे. ब्लडरूटमधलं सँग्विनरिन निरोगी पेशीही मारतं. शिवाय या मलमांत बहुतेकदा झिंक क्लोराइड असतं, ते तर कातडी सरळ जाळतं. नाकपुडी झडून गेलेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

‘मुळासकट’ हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो. काळी खपली पडते, खाली गुलाबी कातडी येते आणि माणूस निर्धास्त होतो. पण कॅन्सर संपला की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कडेला कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर आणखी कापावं लागतं. मलमाने जाळल्यावर ही तपासणीच होत नाही. वरून भरलेल्या व्रणाखाली कॅन्सर वाढत राहिल्याची उदाहरणं आहेत. मेलानोमा हा त्वचेचा लवकर पसरणारा कॅन्सर असेल तर तेवढ्या काळात तो लसिका ग्रंथींपर्यंत पोचू शकतो. आणि हे अशा आजारात, जो वेळेवर कापून काढला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो!

आता ‘दडपतात’. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोत मेंढ्यांना एकाच डोळ्याची कोकरं होत होती. कारण निघालं व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही वनस्पती आणि तिच्यातलं सायक्लोपामाइन. हे रसायन पेशींमधला ‘हेजहॉग’ नावाचा संदेशमार्ग बंद पाडतं, असं पुढे कळलं. बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरात नेमका हाच मार्ग बेफाम चालू असतो. त्याच मार्गावर काम करणारं व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालं. वनस्पतीने दाखवलेली वाट कंपनीने औषध म्हणून विकायलाच आणली.

राहिलं ‘नैसर्गिक’. युफोर्बिया पेप्लस या वनस्पतीच्या चिकातलं इंजेनॉल मेब्युटेट हे औषध उन्हाने झालेल्या कॅन्सरपूर्व चट्ट्यांवर मंजूर झालं होतं. पुढच्या अभ्यासांत, ते लावलेल्या जागी त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं आणि २०२० मध्ये युरोपातून ते मागे घेतलं गेलं. रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं म्हणून हे उघडकीस आलं. काळ्या मलमामागे असं कुणीच लक्ष ठेवून नसतं.

रंग किंवा आकार बदलणारा तीळ, न भरणारी जखम दिसली तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मलम लावून झालं असेल तर तेही त्यांना न लाजता सांगा. व्रण भरलेला दिसला तरी तिथली बायोप्सी करावी लागू शकते.