बुंध्यापर्यंत ब्लॉक, सूचनेवर शिक्का
नगरपालिकेची प्रत्येक सूचना स्कॅन केलेली, तिरकी, शिक्क्याखाली अर्ध्या ओळी गडप! स्कॅन म्हणजे नुसतं चित्र; दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यातलं काही धड वाचू शकत नाही. चित्राला पर्यायी मजकूर द्या, म्हणजे त्यात काय आहे ते शब्दांत लिहा, हे वेब सुगम्यतेच्या (वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत १९९९ पासून लिहिलंय. किती वर्षं वाट बघायची? तक्रार फक्त ॲपवर. साध्या फोनवाल्या आजोबांनी काय करायचं?

आणि बागेत? 'पर्यावरणपूरक' सुशोभीकरण म्हणे, अन् झाडांच्या पार बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक! बहुतेक मुळं मातीच्या वरच्या थरातच असतात. त्यांना पाणी, हवा मिळणार कुठून? मोठं झाड वाळवायचं आणि शेजारी रोप लावून फोटो काढायचे, संताप येतो! आधी बुंध्याभोवतीचे ते ब्लॉक उपटा.